मंगळवारचं रक्त

१२ ऑगस्ट, मंगळवार

ब्लँक ट्यूब चमकली! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. स्क्रीनवर एकतीस टक्के असा आकडा आला आणि मी अशी दचकले की कोपर मागच्या टेबलावर आपटलं. अजून ठणकतंय.

अंधार असायला हवा होता तिथे. दोन टक्के, फार तर तीन. एकतीस?

आणि आज सकाळीच मी तुवाला मोठ्या ऐटीत समजावत होते. तुवा म्हणजे नवी पीएचडीवाली — सत्तावीस वर्षांची, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. तिला म्हटलं, हे बघ, या पांढऱ्या पेशींच्या अंगावर खुर्च्या असतात. खुर्च्यांवर प्रतिपिंडं बसतात, आयजीई नावाची. ज्याला ज्याचं वावडं, त्या वस्तूला ओळखणारी. ती वस्तू समोर आली आणि शेजारशेजारच्या दोघांनी मिळून तिला धरलं, की पेशीच्या आत निरोप जातो. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि बघता बघता पेशी आपली सगळी कोठारं उघडते. हिस्टामिन बाहेर. मग खाज, अंगावर पित्ताच्या गांधी, सूज, श्वास कोंडणं — सगळं त्या एका निरोपापायी. आपलं मशीन एवढंच मोजतं की शंभरातल्या किती पेशींनी दार उघडलं. उघडलेली पेशी लेझरखाली चमकते.

"आणि पेशी कुणाच्या?" तिने विचारलं.

"माझ्या बाबाच्या," मी म्हटलं. तिला वाटलं, थट्टा करतेय.

थट्टा नाही. बाबाला जन्मात कशाचं वावडं नाही, त्याच्या पेशींवरच्या खुर्च्या जवळपास रिकाम्या. पेशंटचं सीरम घातलं की पेशंटची प्रतिपिंडं तिथे ऐसपैस बसतात आणि बाबाच्या पेशी पेशंटच्या वतीने बोलतात. आई गेली त्या वर्षापासून, म्हणजे सहा वर्षं, तो दर मंगळवारी बेटावरून बोटीने, मग बसने येतो आणि रक्त देतो. आमची प्रमुख गुनहिल्ड बाबाबद्दल म्हणते, "सिक्स्टनच्या पेशी म्हणजे शिकारी कुत्र्याचं नाक!" हे मी बाबाला सांगितलं तेव्हा आठवडाभर फुशारून हिंडत होता.

सीरम न घालता बाबाच्या पेशींवर नुसती ती वावड्याची वस्तू घालायची, ती ब्लँक; प्रत्येक वस्तूची वेगळी. तिथे बोलायला कुणी नसतंच. मग आज बोललं कोण?

बर्चच्या परागांची ब्लँक गप्प. मांजराची गप्प. गांधीलमाशीची गप्प. फक्त मांसाची ओळ. ही ओळ उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आत्ताच सुरू केलीय — गोचीड चावून ज्यांना गाई-डुकराच्या मांसातली साखर बाधायला लागते, त्यांच्यासाठी. पंधरा पेशंटचे रिपोर्ट अडकले.

कुणीतरी घाण केलीय. माझ्या हातून नाही, एवढं नक्की.


१३ ऑगस्ट, बुधवार

पिपेट तपासल्या. फ्रीज तपासला. पाणी तपासलं. काही नाही!

पेशी एका दिवसापलीकडे टिकत नाहीत, ताजं रक्त हवं. बाबाला फोन केला. "गुरुवारी पण येऊ? येतो की!" आवाजात एवढा आनंद, मी जणू लग्नाचं आमंत्रण दिलं.


१४ ऑगस्ट, गुरुवार

अडतीस.

कमी व्हायच्या ऐवजी वाढलं! मी तोच आकडा तीनदा वाचला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. अडतीस.

बाबा सकाळी आला तो आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात ब्लूबेरी घेऊन. गुडघ्यापर्यंत बूट, पँट मातीने माखलेली. "जंगलातनं थेट आलो, वास आला तर सांग." रक्त मीच काढलं. त्याची शीर मला डोळे मिटूनही सापडते.

मग साडेअकराला कँटीन. रक्त दिलं की खात्यातर्फे रक्ताची वडी, हा गुनहिल्डच्याही आधीपासूनचा दंडक: गेलेलं लोह भरून निघावं म्हणून. डुकराचं रक्त, पीठ, चरबी, तव्यावर काळीभोर परतलेली, वर लिंगनबेरीचा मुरंबा. कूपन मीच देते आणि समोर बसून संपवायला लावते. तेवढा अर्धा तास आम्ही दोघं.

आज त्याने वडीकडे बघून विचारलं, "अर्धीच घेऊ का गं?"

"खा मुकाट्याने. आठवड्यात दुसऱ्यांदा रक्त काढलंय."

"बरं बाई. आईसारखी दटावू नकोस." मग खाताखाता म्हणाला, "परवा बोटीत पोटात ढवळलं जरा."

मला हसू फुटलं. "एकतीस वर्षं त्याच बोटीचं इंजिन सांभाळलंस आणि आता तुला बोट लागते?"

"लागते खरी. वय झालं. बोटीनेपण ओळखलंय."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारी मात्र अडतीसने तोंड पार उतरवलं.

मंगळवारी आणि आज, दोन्ही दिवशी मांसाच्या ओळीच्या ट्यूब तुवाने भरल्या होत्या. एवढंच लिहून ठेवते.


१५ ऑगस्ट, शुक्रवार

विचलनाचा, म्हणजे कामात काय चुकलं ते नोंदवायचा, फॉर्म भरला. त्यात नाव लिहायचं नसतं — आपल्याकडे दोष माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो, वगैरे वगैरे. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: 'नवीन हात, अपुरा सराव'. नाव नाही लिहिलं. खात्यात नवीन हात दोनच आहेत, आणि ते दोन्ही तुवाचे.

साडेनऊच्या कॉफीला सगळे बसले होते. गुनहिल्डने फॉर्म वाचला, कप खाली ठेवला, एक लांबलचक 'हं' केलं. तिचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाची तासभर बोलणी. तुवाला आठवडाभर मशीनला हात लावायचा नाही.

तुवा माझ्याकडे बघून म्हणाली, "मी ब्लँकमध्ये सीरम घातलं नव्हतं गं. शपथ." आणि रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.


१९ ऑगस्ट, मंगळवार

आज दार आतून लावून घेतलं. नवी बाटली, नव्या ट्यूब, नवं पाणी. प्रत्येक थेंब माझ्या हाताने. तुवा इमारतीतसुद्धा नव्हती.

सत्तेचाळीस!

मी खाली बसले. खरोखर, फरशीवर. शंभरातल्या सत्तेचाळीस पेशींना निरोप गेला, आणि निरोप देणारा कुणी ट्यूबमध्ये नाही. असं होऊ शकत नाही. होतंय.

गुनहिल्ड आली, दार ठोठावलं, मला फरशीवर बघितलं. मग खुर्ची ओढून बसली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "यल्वा, चष्म्याचा नंबर कधी तपासलास शेवटचा?"

चष्म्याचा नंबर! मला! ह्या मशीनला माझ्याइतकं ओळखणारं कुणी नाही इथे. तिला म्हटलं, माझे डोळे आणि हात दोन्ही ठीक आहेत. ती म्हणाली, "हो ना, तसंच असेल. पण पंधरा माणसं वाट बघतायत, जेवायचं काय ते कळायची. गुरुवारी एकदा अजून कर. नाहीतर मी सगळे नमुने दुसऱ्या शहरातल्या लॅबला पाठवते." म्हणजे मला बाजूला करते. स्पष्ट बोलायची पद्धत नाही ना आपल्याकडे!

बाबालाही धड बघितलं नाही आज. घाईघाईने रक्त काढलं, घाईघाईने जेवलो. वडी त्याने पूर्ण खाल्ली, न सांगता. गालावर लाल चट्टा होता. म्हणाला, "काट्याने ओरखडलं." गुरुवारी परत यायचंय म्हटल्यावर म्हणाला, "मग काय, चंगळच आहे माझी. वर्षभर तू बेटावर फिरकत नाहीस, आणि आता आठवड्यात दोनदा!"

टोमणा होता. लागला. यंदा जूनमधल्या मिडसमरच्या सणालाही गेले नाही — ड्यूटी लावून घेतली होती. दोन तासांची बोट, मग त्याचं ते रिकामं घर. आईची खुर्ची तशीच खिडकीशी. मला नाही सोसत.


२० ऑगस्ट, बुधवार

पंधरा जणांना पत्रं गेली. 'तांत्रिक अडचण.' ती अडचण म्हणजे मी.


२१ ऑगस्ट, गुरुवार — हॉस्पिटल, संध्याकाळचे सात

इथेच बसून लिहिते. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

सकाळी बाबा आला, चौथ्यांदा रक्त दिलं, साडेअकराला वडी खाल्ली. मी समोर बसून. मीच बसून! मग तो बस पकडून सवातीनच्या बोटीला गेला.

दुपारी मी ट्यूब भरत होते तेव्हा तुवा दारात येऊन उभी. "आत येत नाही," म्हणाली, "हात लावत नाही. एकच विचारते. ब्लँकमध्ये दर वेळी पेशी त्याच माणसाच्या का?"

"कारण तो डी-१ आहे, आपला पहिल्या नंबरचा रक्तदाता. त्याच्या खुर्च्या रिकाम्या असतात."

"कुणी बघितलं?"

"काय?"

"रिकाम्या आहेत हे शेवटचं कधी बघितलं?"

सहा वर्षांपूर्वी. एकदा. पाणी बदललं, बाटली बदलली, पिपेट बदलल्या, एका पोरीला मशीनपासून हाकललं — पण आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही की ब्लँकमध्ये एक माणूस असतो. जो जंगलात जातो. ज्याला गोचिड्या चावतात.

तुवाने बाही वर केली. "माझं घे आणि लाव शेजारी."

लावलं. वीस मिनिटं आम्ही दोघी मशीनसमोर. तीन वाजून चाळीस मिनिटांनी आकडे आले. तुवाच्या पेशी: दोन टक्के. बाबाच्या: एकावन्न.

प्रतिपिंडं बाबाचीच होती. घाण नव्हती, चूक नव्हती. मशीन दहा दिवस मला ओरडून सांगत होतं आणि मी त्याचं तोंड बंद करत होते!

आणि मग — वडी. डुकराचं रक्त, डुकराची चरबी. ही साखर चरबीतनं हळूहळू रक्तात उतरते, तीनचार तास घेते, म्हणूनच कुणाला संशय येत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. दरवर्षी शिकवते! साडेअकरा अधिक चार. तो आता बोटीवर होता, समुद्राच्या मध्यावर. पोटात ढवळणं. गालावरचा चट्टा. 'वय झालं.'

बाबाचा फोन वाजत राहिला. उचलला नाही. आणीबाणीचा एकशे बारा तुवाने लावला, मी बोटीचा नंबर लावला. दोरखंड सांभाळणारा ब्योर्ये बाबाबरोबर वीस वर्षं कामाला होता, त्याने उचलला. "हो, तो इथेच आडवा आहे. पाय वर केलेत. बोलत नाहीये आता, ओठ सुजलेत."

मी किंचाळले, "बोट नाही लागलेली! वावडं आहे! अ‍ॅड्रेनलिन — अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन विचार, प्रवाशांना विचार!"

फोन चालूच होता. ब्योर्येचा आवाज भोंग्यातून ऐकू आला: कुणाकडे अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन आहे का, लगेच खालच्या डेकवर या. आणि एक बाई धावत आली, तिच्या मुलाला शेंगदाण्याचं वावडं, इंजेक्शनचं पेन तिच्या पर्समध्येच. मांडीत टोचलं. मी मोजत होते, मोठ्याने, उभ्या लॅबमध्ये. दोनशेपर्यंत मोजल्यावर ब्योर्ये म्हणाला, "डोळे उघडले. शिव्या देतोय."

मी तुवाच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. जिला मी चोर ठरवलं होतं तिच्या.

पुढे बचावदलाची बोट, मग हेलिकॉप्टर. इथे आणलाय. दाब सावरलाय. डॉक्टर म्हणाली, दहा मिनिटं उशीर झाला असता तर — आणि वाक्य तिथेच सोडलं.


२२ ऑगस्ट, शुक्रवार

बाबा उशीला टेकून बसला होता, अंग अजून लाल. मला बघून म्हणाला, "काय गं, माझ्या नाकाने चुकीचा माग काढला म्हणे?"

"नाक बरोबर होतं. आम्ही आंधळे." मग विचारलं, "यंदा गोचिड्या किती काढल्यास अंगावरनं?"

"मोजतो का मी! ब्लूबेरीला गेलं की दोनचार. कुत्र्याला जास्त."

त्याला सांगितलं. गोचिडीच्या लाळेतून तीच साखर कातडीत शिरते. चावलेल्या जागी आधीच आग झालेली असते, तिथल्या पेशी इंटरल्यूकिन नावाचे निरोप सोडतात, आणि ते ऐकून दुसऱ्या पेशी आयजीई बनवायला लागतात. नवी गोचीड चावली की नवी भर. म्हणून आकडा वाढत गेला. सगळ्या खुर्च्या भरल्या, आणि वर मी चार वेळा समोर बसून तुला —

माझ्याच हाताने! कूपन माझं, दटावणं माझं. प्रत्येक वेळी खात्री करायला अजून रक्त, आणि रक्ताबद्दल अजून एक वडी. बाबा फारसा दचकला नाही. औषधांची गुंगी असेल. त्याने माझा हात थोपटला. "तू थोडीच मुद्दाम केलंस. शांत हो."

"आता डुक्कर नाही, गाय नाही, हरीण नाही. मासे खा."

"मासेच तर खातो घरी."

"आणि डी-१ म्हणून तुझं नाव काढलंय गुनहिल्डने. सुटलास. आता दर मंगळवारी एवढी दगदग नको."

हे ऐकून मात्र तो खिडकीकडे तोंड करून पडला. थकला असेल म्हणून मी उठले.

दुपारी तुवाची माफी मागितली, सगळ्यांसमोर, कॉफीच्या टेबलावर. फॉर्म पुन्हा भरला आणि कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. गुनहिल्ड म्हणाली, नाव लिहायचं नसतं. मी म्हटलं, या वेळी लिहायचं असतं. तुवा म्हणाली, "माफ केलं, पण मोज्यांवरनं बोलायचं बंद कर." बोललेलं तिला ऐकू जात होतं तर!


२४ ऑगस्ट, रविवार

बाबाला घरी सोडलं, बेटावर. संध्याकाळच्या बोटीने परत आले. फ्रीझरमधलं हरणाचं सगळं मांस शेजाऱ्याला दिलं. अ‍ॅड्रेनलिनची दोन पेनं — एक स्वयंपाकघरात, एक जाकिटाच्या खिशात. आता काळजी नाही.


२६ ऑगस्ट, मंगळवार

कामावरनं धक्क्यावर गेले, ब्योर्येला केक द्यायला. आभार मानले तर म्हणाला, "त्यात काय, मी त्याच्यावर नजर ठेवूनच होतो. जूनमध्येच सांगून ठेवलं होतं त्याने — मंगळवारी चारच्या सुमाराला माझ्याकडे बघत जा, ती हॉस्पिटलातली वडी मला बाधते."

जूनमध्ये! आम्हाला कळायच्या दोन महिने आधी!

"मी म्हटलं, अरे बाधते तर खातोस कशाला, शहाण्या? तर म्हणाला, नाही खाल्ली तर लेक कारण विचारणार. कारण सांगितलं तर ते रक्त घेणार नाहीत. आणि रक्त घेतलं नाही, तर ती कशाला बसेल माझ्यासमोर जेवायला?"